साक्ष आणि लीनता : मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनांतील प्रयोजनाचा प्रश्न

१

'साक्ष' हा शब्द मराठीत दोन भिन्न परंपरांचे ओझे वाहत आलेला आहे. एक परंपरा वेदान्ताची. पाणिनीय व्युत्पत्तीनुसार 'साक्षी' म्हणजे साक्षात पाहणारा. वेदान्ताने या पाहणाऱ्याला सर्व व्यापारांतून मुक्त केले. तो पाहतो, पण गुंतत नाही. त्याच्या पाहण्याने दृश्यात काही बदल होत नाही आणि दृश्याने त्याच्यात. दुसरी परंपरा व्यवहाराची आणि न्यायाची. पंचांसमोर उभे राहून शपथपूर्वक बोलणारा तो साक्षीदार. त्याने पाहणे पुरेसे नसते, बोलणे आवश्यक असते. आणि त्याच्या बोलण्यावर दुसऱ्या कुणाचे तरी भवितव्य अवलंबून असते. पहिल्या परंपरेत मौन हा साक्षीचा स्वभाव आहे, तर दुसरीत मौन हा साक्षीचा अपराध ठरतो.

ख्रिस्ती धर्मविचारातील साक्षीची संकल्पना उघडच दुसऱ्या परंपरेला जवळची आहे. ग्रीक भाषेतील 'मार्टिस' या शब्दाचा मूळ अर्थ न्यायसभेतील साक्षीदार असाच होता. पुढे श्रद्धेसाठी प्राण देणारा हुतात्मा हा अर्थ त्याला चिकटला. हा अर्थविस्तार आकस्मिक नाही. साक्षीदाराच्या शब्दाची किंमत तो त्या शब्दासाठी काय द्यायला तयार आहे यावरून ठरते, ही समजूत त्यामागे आहे. नव्या करारातील बाप्तिस्मा करणारा योहान हा या संकल्पनेचा आदिनमुना म्हणता येईल. त्याची सारी ओळख 'तो मी नव्हे' या नकारात साठवलेली आहे. येणाऱ्याकडे बोट दाखवणे आणि तो आला की मागे सरणे, एवढेच त्याचे कार्य.

येथेच या वाङ्मयप्रकाराचा मूलभूत पेच निर्माण होतो. साक्ष देण्यासाठी 'मी' म्हणावे लागते. जे पाहिले ते मीच पाहिले, दुसऱ्याने सांगितलेले नव्हे, या आग्रहावाचून साक्ष उभी राहत नाही. मात्र हा 'मी' निवेदनाच्या केंद्रस्थानी बसला, तर साक्ष साक्ष न राहता आत्मगौरव होते. म्हणून लीनता हा येथे केवळ नैतिक गुण नाही. ती या प्रकाराची रचनात्मक अट आहे. प्रयोजनाचेही तसेच. साक्षीदाराला ऐकणाऱ्याचा निर्णय व्हावा असे वाटते, अन्यथा तो बोललाच नसता. परंतु निर्णय आपल्या बाजूने खेचून घेण्यासाठी तो युक्तिवाद रचू लागला, की त्याची भूमिका बदलते. तो साक्षीदाराचा वकील होतो. साक्षीदार आणि वकील यांच्यातील हे अंतर मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनांच्या वाचनात कसे उपयोगी पडते, याचा शोध बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संहितांच्या आधारे घेता येतो.

२

या संहितांना मराठी समीक्षेत मिळालेली वागणूक सारखी नाही. 'स्मृतिचित्रे' हे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक आहे, याविषयी दुमत नाही. पदमनजींचे 'अरुणोदय' मात्र वाङ्मयेतिहासात कालक्रमाच्या नोंदीपुरते उरते. आणि रमाबाईंची साक्ष समाजसुधारणेच्या किंवा स्त्रीमुक्तीच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचली जाते. या वर्गीकरणामागे एक न बोललेले गृहीतक आहे. जेथे धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे तेथे वाङ्मयीनता संपते, आणि जेथे वाङ्मयीनता आढळते तेथे तो हेतू गौण असला पाहिजे, असे हे गृहीतक. त्याचा परिणाम असा, की लक्ष्मीबाईंची थोरवी मान्य करताना त्यांची श्रद्धा बाजूला ठेवली जाते आणि रमाबाईंची श्रद्धा नोंदवताना त्यांचे लेखन बाजूला ठेवले जाते.

हे गृहीतक टिकणारे नाही, हे मराठी समीक्षेने स्वतःच दुसऱ्या एका क्षेत्रात सिद्ध केले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या चर्चेत दलित स्वकथनांचे प्रयोजन हे त्यांच्या रूपाबाहेरचे नसून रूपाचेच घटक आहे, ही भूमिका हळूहळू प्रस्थापित झाली. एका व्यक्तीचा 'मी' समूहाच्या वतीने कसा बोलतो, वाचकाला साक्षीच्या पिंजऱ्यासमोर कसा उभा करतो, हे प्रश्न तेव्हा वाङ्मयीन प्रश्न म्हणून मान्य झाले. तोच न्याय ख्रिस्ती निवेदनांना लावण्यात मात्र संकोच दिसतो. या संकोचाला ऐतिहासिक कारणे आहेत. वसाहतकाळातील मिशनांची सत्तेशी असलेली जवळीक हे त्यांतील प्रमुख. परंतु कारण समजणे म्हणजे संकोच समर्थनीय ठरणे नव्हे.

पॉल रिकरने १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात साक्षीचे अर्थनिर्णयनशास्त्र मांडले आहे. त्यातील एक सूत्र येथे महत्त्वाचे वाटते. साक्ष म्हणजे प्रत्यक्ष घटना नव्हे, तर घटनेचे कथन होय. त्यामुळे ऐकणाऱ्याला घटना मिळत नाही, केवळ विश्वास ठेवण्याचा किंवा न ठेवण्याचा अधिकार मिळतो. या दृष्टीने पाहता साक्षीचा वाचक हा नेहमीच न्यायाधीशाच्या जागी असतो. ही जागा निवेदक त्याला खरोखर देतो, की देण्याचे केवळ नाटक करतो, हा साक्षवाङ्मयाच्या मूल्यमापनाचा निर्णायक प्रश्न ठरतो.

३

बाबा पदमनजींचा (१८३१–१९०६) जन्म बेळगावचा. १८५४ साली तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ सालचे. म्हणजे सत्तावन्न वर्षांचा प्रौढ लेखक तेविसाव्या वर्षी झालेल्या परिवर्तनाकडे आणि त्याआधीच्या घडणीकडे मागे वळून पाहत आहे. कालाचे हे अंतर या संहितेची शक्ती आहे आणि मर्यादाही.

शक्ती अशी, की शीर्षकातच एक लीनता आहे. अरुणोदय म्हणजे सूर्योदय नव्हे. सूर्य क्षितिजावर येण्यापूर्वीचा रक्तिमा. ज्याचा उदय व्हायचा तो निवेदक नाही. निवेदक हा त्या प्रकाशाने रंगलेला आकाशाचा एक तुकडा. घरातील व्रतवैकल्ये, मिशनच्या शाळांतील शिक्षण, परमहंस सभेच्या गुप्त मंडळीतील वावर, हे सारे टप्पे या एका प्रतिमेच्या आधाराने अंधार ओसरण्याच्या अवस्था म्हणून मांडले जातात. सुधारणेच्या मार्गाने जाऊन, उघड धर्मांतर न करता जगता येईल का, ही त्या पिढीतील अनेक तरुणांची घालमेल येथे आतून सांगितली जाते. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा घेणारी, पण ती लपवून ठेवणारी परमहंस सभा ही या घालमेलीचे प्रतीकच होय. खाजगीत खरे आणि जाहीरपणे खोटे जगण्याची अवस्था साक्षीच्या संकल्पनेशी थेट विरोधी आहे. पदमनजींच्या दृष्टीने बाप्तिस्मा म्हणजे मतांतर तर खरेच, पण त्याहून अधिक म्हणजे लपणे संपवणे होय. या मुद्द्यावर त्यांचे निवेदन आजही परिणामकारक ठरते.

मर्यादा मात्र त्याच प्रतिमेतून उद्भवते. पहाटेची उपमा स्वीकारली, की आधीचे सारे रात्रच ठरते. ज्या आईवडिलांच्या श्रद्धेने मुलाला देवाविषयी गंभीर व्हायला शिकवले, ती श्रद्धाही अंधाराच्या सदरात टाकणे निवेदकाला भाग पडते. तिच्याविषयीचे ममत्व मजकुरात जाणवते. पण निवेदनाची चौकट त्या ममत्वाला अर्थ देऊ शकत नाही. शेवट आधीच ठाऊक असलेला निवेदक आपल्याच तरुणपणाला प्रश्न विचारतो आणि उत्तरेही देतो. न्यायाधीशाची जागा वाचकासाठी मोकळी राहत नाही. 'यमुनापर्यटन'मध्ये हेच अधिक ठळकपणे घडते. विधवांच्या दुःखाचे प्रसंग साक्षीच्या बळाने उभे राहतात. कथेच्या अखेरीचा नायिकेचा धर्मस्वीकार आणि पुनर्विवाह मात्र युक्तिवादाच्या निष्कर्षासारखा येतो. पदमनजींची ईश्वराविषयीची लीनता निःसंशय आहे. जो आपले जुने घर सोडून आला, त्याची त्या घरातील माणसांविषयीची लीनता मात्र त्यांच्या निवेदनात तितकीशी रूपाला येत नाही. या दोन लीनता एक नव्हेत, ही जाणीव पुढील संहितांच्या वाचनासाठी आवश्यक आहे.

४

पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) साक्ष १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मराठीत ती 'माझी साक्ष' या नावाने ओळखली जाते. बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनी, केडगावचे मुक्तिसदन उभे राहिल्यानंतर लिहिलेले हे छोटेखानी निवेदन आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे विद्याव्रत, पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवण्याचा त्यांचा आग्रह, तीर्थयात्रा, पुराणकथन, दुष्काळातील उपासमार, आईवडिलांचा आणि थोरल्या बहिणीचा मृत्यू, कलकत्त्यातील सन्मान, विवाह आणि वैधव्य, इंग्लंडमधील बाप्तिस्मा असा त्याचा प्रवास आहे.

या संहितेचा पहिला विशेष असा, की तिच्यात परिवर्तन एकदा नव्हे, दोनदा घडते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. सामान्य साक्षपर निवेदन येथे कळसाला पोचले असते. रमाबाईंचे निवेदन मात्र पुढे सरकते आणि सुमारे आठ वर्षांनंतरच्या एका शोधाची कबुली देते : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. या कबुलीचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी आहे. तिच्यामुळे बाप्तिस्मा हा शेवट ठरत नाही आणि ख्रिस्ती झालेली व्यक्ती हिंदू राहिलेल्या व्यक्तीपेक्षा आपोआप उंचीवर जात नाही. विद्वत्तेच्या बळावर पटलेला धर्म ही रमाबाईंच्या लेखी अपुरी गोष्ट ठरते. आणि विद्वत्ता हीच तर त्यांची जगातली ओळख होती. १८७८ साली कलकत्त्यात मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांचा धनी असलेला 'मी' येथे स्वतःच्याच लेखणीने अपुरा ठरवला जातो. लीनता ही अट रचनेत कशी उतरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच आढळेल.

दुसरा विशेष त्यांच्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. कलकत्त्यात प्रथमच ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्यात गेल्यावर, खुर्च्यांपुढे गुडघे टेकलेली माणसे पाहून ती खुर्च्यांचीच पूजा करीत असावीत, असा आपला समज झाल्याचे त्या सांगतात. हा प्रसंग वगळता आला असता. प्रचाराच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे, किंबहुना अडचणीचा आहे. परंतु साक्षीदार आपल्या त्या वेळच्या डोळ्यांशी प्रामाणिक राहतो. नंतरच्या ज्ञानाने तो आधीचे दृश्य दुरुस्त करीत नाही. मूर्तिपूजकांना हसणाऱ्या मिशनरी वाङ्मयाच्या पार्श्वभूमीवर, ख्रिस्ती उपासनेकडे बाहेरून पाहणारी ही नजर मजकुरात जिवंत ठेवणे अर्थपूर्ण आहे. तीर्थक्षेत्रातील सरोवरावर तरंगणाऱ्या डोंगरांचे रहस्य त्यांच्या भावाने पाण्यात उतरून शोधले, हा प्रसंगही याच वृत्तीचा. भक्तांना दिपवणारा चमत्कार तपासला जातो. आणि तपासणाऱ्याचे हे शील पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेलाही सूट देत नाही.

सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, तेव्हा या शीलाचा दुसरा पुरावा मराठी वाचकांसमोर आला. चर्चच्या अधिकाराला निमूटपणे शरण जाणे म्हणजे लीनता, ही जेराल्डिन यांची समजूत. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटल्यावर दुसऱ्या जोखडात मान घालण्यास रमाबाई तयार नाहीत. गुरुस्थानी असलेल्या सिस्टरना ही वृत्ती अहंकाराची वाटली, यात नवल नाही. परंतु या वादातून लीनतेच्या संकल्पनेची एक महत्त्वाची फोड हाती लागते. ईश्वरापुढची लीनता आणि माणसांनी ईश्वराच्या नावे चालवलेल्या सत्तेपुढची नम्रता यांत रमाबाई भेद करतात. पहिलीसाठीच दुसरी नाकारावी लागते, असा त्यांचा अनुभव आहे. जिला जन्मभर स्त्री म्हणून नमण्याचा उपदेश ऐकावा लागला, तिने नम्रतेच्या नावाखाली येणाऱ्या दडपणाला ओळखणे हे लीनतेचा अभाव नसून तिच्या शुद्धीचा प्रयत्न होय. याच संदर्भात गौरी विश्वनाथन यांनी 'आउटसाइड द फोल्ड' (१९९८) या ग्रंथात धर्मांतराकडे विरोधी मताच्या आविष्काराचा प्रकार म्हणून पाहिले आहे. ते विवेचन उपयुक्त असले, तरी साक्षीच्या अंगाने पाहता एक पुस्ती जोडावी लागते. रमाबाईंचा विरोध स्वतःच्या मतासाठी जेवढा आहे, तेवढाच ज्याची साक्ष द्यायची त्याच्या आणि आपल्या मध्ये कुणी उभे राहू नये यासाठी आहे.

प्रयोजनाचा पेच त्यांच्या जीवनात १८९३ साली जाहीरपणे उभा राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास हलवलेले शारदासदन धार्मिक तटस्थतेच्या अटीवर चालले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. मुली येऊन बसत. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक या प्रश्नावरून बाजूला झाले. उघडे दार ही साक्ष होती, की प्रसार? शिकवायचे नाही, पण लपायचेही नाही, ही रमाबाईंची भूमिका. आणि आश्रितांच्या बाबतीत उघडे दारही दडपणच ठरते, ही विरोधकांची. सदनातील मुली निराधार होत्या आणि रमाबाई त्यांच्या अन्नदात्या होत्या. आश्रयदात्याचे मौनदेखील आश्रितासाठी बोलके असते, हे विरोधकांचे म्हणणे सहज डावलता येण्याजोगे नाही. उलट, ज्या श्रद्धेने हे आश्रयस्थान उभे केले तिलाच दाराबाहेर ठेवण्याची अपेक्षाही न्याय्य म्हणता येणार नाही. 'माझी साक्ष' या संहितेत हा तिढा सुटत नाही. मुक्तिसदनाच्या काळातील रमाबाईंनी तटस्थतेची अटच मागे टाकलेली असल्यामुळे, निवेदनाच्या उत्तरार्धात प्रश्नापेक्षा समाधानाचा स्वर अधिक आहे. पूर्वार्धातील तपासणारी नजर तेथे क्वचितच दिसते. ही उणीव नोंदवणे संहितेच्या थोरवीला बाध आणत नाही.

५

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे'कडे वळताना आधी नारायण वामन टिळकांचा उल्लेख अटळ आहे. १८९३ साली राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले, ही कथा सुप्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंगाची आणि भजनाची वाट धरली. तुकोबा आपल्यासाठी ख्रिस्ताकडे नेणारा सेतू ठरले, अशी त्यांची धारणा होती. या भूमिकेचे वाङ्मयीन महत्त्व असे, की पदमनजींच्या रात्र-पहाट या द्वंद्वाला तीमुळे पर्याय मिळतो. सेतूवरून पलीकडे गेलेला माणूस सेतूला अंधार म्हणत नाही. वारकरी परंपरेतील दैन्य, आत्मनिवेदन, दास्य हे संकेत टिळक आपल्या साक्षीत जसेच्या तसे वापरू शकतात, कारण ते त्यांना परके झालेले नाहीत. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी स्थापलेला 'देवाचा दरबार' हा याच भूमिकेचा संस्थात्मक आविष्कार होता. साक्षीदाराने पगारी असू नये, असा अर्थ त्या राजीनाम्यातून काढता येतो.

लक्ष्मीबाईंची संहिता मात्र टिळकांच्याही पुढे जाते, कारण ती साक्ष देण्याचा पवित्राच घेत नाही. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त टिळकांचे धर्मांतर हे प्रथम एका बायकोवर कोसळलेले संकट म्हणून येते. त्या काळचा संताप, अपमान, नातलगांच्या घरातील दिवस, सोवळ्याओवळ्याचा आग्रह, हे सारे नंतरच्या श्रद्धेच्या प्रकाशात मवाळ केले जात नाही. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांचे सोवळे काही काळ चालूच राहते. मग एकदा त्यांच्याच मनात विचार सुरू होतो : जाती देवाने केल्या, की माणसाने? त्याचे उत्तर सापडल्यावर कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी होते. १९०० साली त्या बाप्तिस्मा घेतात. वादविवाद नाही, शास्त्रार्थ नाही. स्वयंपाकघरातील पाण्याच्या भांड्यापाशी सुटलेली एक गाठ आहे.

या कथनात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे विनोद. लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात आणि टिळकांवरही. ज्या पुरुषाला त्याच्या भक्तांनी संतपदाला पोचवले, त्याचा विसराळूपणा, शीघ्रकोप आणि अव्यवहारीपणा त्याची बायको हातचे न राखता सांगते. यामुळे टिळकांची थोरवी कमी होत नाही, तर ती मानवी होते. पौलाने आपल्या पत्रात ठेव्याची आणि मातीच्या भांड्याची जी प्रतिमा वापरली आहे, तिचे हे मराठी गृहस्थी रूप म्हणावे लागेल. भांडे मातीचे आहे हे दाखवल्यानेच ठेवा भांड्याचा नाही हे सिद्ध होते. चरित्रनायकाला निर्दोष रंगवणारी साक्ष या कसोटीवर उणी पडते, कारण ती भांड्यालाच सोन्याचे करते.

दुसरी गोष्ट म्हणजे सोडलेल्या घराविषयीचा न्याय. लक्ष्मीबाईंना छळणारे आणि सांभाळणारे, दोन्ही प्रकारचे हिंदू नातलग येथे आपापल्या स्वभावानिशी येतात. ख्रिस्ती मंडळीही तशीच येतात. धर्म बदलल्याने माणसाचे स्वभाव बदलतात असा दावा निवेदन करीत नाही. त्यामुळे धर्माची तुलना करण्याचा वकिली मोह येथे उद्भवतच नाही. मग या ग्रंथाला साक्ष म्हणावे का? त्याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते, आणि तेही वाङ्मयीन कारणांसाठी. सोवळे पाळणारी बाई अनाथांना घरात घेणारी बाई कशी झाली, हे या ग्रंथाचे मध्यवर्ती कथासूत्र आहे. आणि ते श्रद्धेला वगळून समजत नाही. श्रद्धा बाजूला ठेवून 'स्मृतिचित्रे'ची केवळ निरागसता आणि विनोद वाखाणणारी समीक्षा, ज्या मुळामुळे हा विनोद निर्वैर झाला ते मूळच खुडून टाकते.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मिशेल फुकोने १९७६ साली 'लैंगिकतेचा इतिहास' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कबुलीजबाब हा सत्तेचा विधी असल्याचे दाखवून दिले. बोलणारा स्वतःविषयीचे सत्य सांगतो, पण ते ऐकून घेणारा आणि प्रमाणित करणारा अधिकारी वेगळाच असतो. धर्मांतरिताची साक्ष ही मिशनच्या अहवालांसाठी, परदेशातील देणगीदारांसाठी लिहिली गेली असेल, तर तिच्यातील लीनता ही मागणीनुसार पुरवलेली वस्तू ठरत नाही का? हा आक्षेप निराधार नाही. रमाबाईंचे निवेदन इंग्रजीत लिहिले गेले, ही वस्तुस्थिती त्याला बळ देते.

इतिहासात मागे गेल्यास हा प्रश्न अधिक तीव्र होतो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्यात परदेशी कवी मराठीपुढे लीन झालेला दिसतो. पुराणाची चौकट, ओवीचा छंद, भाषेची स्तुती, श्रोत्याच्या शंकांना दिलेली जागा, हे सारे त्या लीनतेचे पुरावे. परंतु ज्या साष्टीत हे पुराण गायले गेले, तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. आणि १५८३ साली कुंकळ्ळी येथे जेझुइट पाद्री मारले गेले, त्यानंतर पोर्तुगीजांनी सूड उगवला होता. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या श्रोत्यांसाठी हे नवे पुराण रचले गेले. काव्यातील कवीची लीनता खरी आहे. काव्याभोवतीची परिस्थिती मात्र लीन नाही. या दोन्ही विधानांपैकी एकाने दुसरे पुसून टाकता येत नाही.

तेव्हा लीनता ही केवळ लेखकाच्या मनोवृत्तीत शोधून भागत नाही. ती तीन पातळ्यांवर तपासावी लागते : निवेदक ज्याची साक्ष देतो त्याच्या संदर्भात, ज्यांना मागे सोडून आला त्यांच्या संदर्भात, आणि ज्यांच्यासमोर बोलतो त्यांच्या संदर्भात. पदमनजी पहिल्या पातळीवर निःशंक उतरतात, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर चौकटीने जखडले जातात. स्टीफन्स यांचे काव्य पहिल्या पातळीवर आणि भाषेपुरते तिसऱ्या पातळीवर समृद्ध आहे. परंतु श्रोत्याला नकाराचे स्वातंत्र्य देणे त्यांच्या हाती उरलेले नव्हते. रमाबाई पूर्वार्धात तिन्ही पातळ्यांवर असामान्य ठरतात. ज्या धर्मसत्तेसाठी साक्ष पुरवली गेल्याचा संशय घ्यावा, त्याच सत्तेशी त्यांनी वाद घातला होता. त्यामुळे फुकोप्रणीत आक्षेप त्यांना अंशतःच लागू पडतो. लक्ष्मीबाईंनी मराठीत, घरच्या भाषेत, कुणाचेही प्रमाणपत्र न मागता लिहिले. म्हणून आक्षेपाची धार तेथे सर्वांत बोथट होते.

प्रयोजनाच्या प्रश्नाचे उत्तरही येथूनच मिळते. प्रयोजन असणे हा साक्षवाङ्मयाचा दोष नव्हे. प्रयोजनावाचून साक्ष ही केवळ आठवण उरते. दोष निर्माण होतो तो प्रयोजन निवेदकाला पाहण्यापासून रोखू लागते तेव्हा. खुर्च्यांपुढे टेकलेले गुडघे किंवा सोवळ्यातली चिडचिड, असे प्रयोजनाला गैरसोयीचे तपशील ज्या संहितेत शिल्लक राहतात, त्या संहितेने वाचकाला न्यायाधीशाची जागा खरोखर दिलेली असते. गैरसोयीचा तपशील हा साक्षीच्या सचोटीचा वाङ्मयीन पुरावा होय. तो शैलीचा अलंकार म्हणून घालता येत नाही, कारण त्याची किंमत निवेदकाच्या हेतूलाच मोजावी लागते.

७

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर, हिंदू दार्शनिक संकल्पनांनी भारलेले शब्द टाळावेत आणि कमी शिकलेल्या बाईलाही मजकूर कळावा, ही त्यांची धडपड होती. संस्कृतच्या पंडितेने संस्कृतचा मोह सोडणे ही भाषिक पातळीवरची लीनता म्हणावी लागेल. पण तिच्यात एक तोटाही आहे. वेदान्ती 'साक्षी'पासून ख्रिस्ती साक्ष वेगळी काढताना, पाहणे हा त्या शब्दाचा मूळ गाभा हरवण्याचा धोका असतो. न पाहता बोलणारा साक्षीदार हा न बोलता पाहणाऱ्या साक्षीपेक्षा अधिक धोकादायक.

मराठीतील ख्रिस्ती आत्मनिवेदनांचे सामर्थ्य जेथे प्रकट होते, तेथे शब्दाच्या या दोन्ही परंपरा एकमेकींना सावरून धरताना दिसतात. वेदान्ताचा साक्षी पाहतो आणि स्वतःला मध्ये आणत नाही. न्यायसभेचा साक्षीदार बोलतो आणि बोलण्याची किंमत देतो. एकाकडून अलिप्तता आणि दुसऱ्याकडून जबाबदारी घेणारे निवेदन हेच लीन आणि सप्रयोजन असे दोन्ही असू शकते. या दृष्टीने 'अरुणोदय', 'माझी साक्ष' आणि 'स्मृतिचित्रे' या तीन संहितांचे एकत्र वाचन होणे आवश्यक आहे. वाङ्मयीन आणि प्रचारी अशा दोन कप्प्यांत त्यांची वाटणी केल्याने समीक्षेची सोय होते. परंतु साक्षीदाराला न ऐकताच निकाल दिल्यासारखे होते.